अंधारातला नेम



वसंत व्याख्यानमालेत आपण संतवाङ्मय ऐकता, अर्थकारण ऐकता, प्रवासवर्णने ऐकता. आजच्या विषयाचे नाव पत्रिकेत वाचून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. पिस्तूल हा काय व्याख्यानाचा विषय झाला! परंतु ज्या शहराने १९३० च्या मे महिन्यात गोळीबार आणि लष्करी कायदा पाहिला, आणि ज्याचे चार सुपुत्र १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फासावर गेले, त्या शहराला बंदुकीच्या बऱ्यावाईटाविषयी विचार करण्याचा अधिकार आहे, असे मी मानतो.

विषय निघाला तो एका साध्या प्रश्नावरून. महाविद्यालयात राष्ट्रीय छात्रसेनेचा अधिकारी म्हणून मी पुष्कळ वर्षे मुलांना नेमबाजी शिकविली. त्यामुळे कोणी हत्याराचा परवाना काढला की, माझ्याकडे एक फेरी टाकतो. गेल्या वर्षी एक व्यापारी गृहस्थ आले. रोकड घेऊन रात्री-अपरात्री घरी येणारा माणूस. खटपट करून त्यांनी परवाना मिळविला होता, रिव्हॉल्व्हर घेतले होते. म्हणाले, "सर, एवढंच सांगा, रात्री नेम दिसावा म्हणून रेडियम लावू, की लेझर बसवू?" मी त्यांना चहा दिला आणि म्हणालो, "तुम्ही प्रश्न दुसरा विचारलात, पहिला राहिलाच." तो पहिला प्रश्न कोणता, हे सांगण्यासाठी आजचे व्याख्यान आहे. पण दुसऱ्याचे उत्तरही मी टाळणार नाही.

प्रथम नेम म्हणजे काय ते पाहू. पिस्तुलाच्या नळीच्या टोकावर एक बारीक उंचवटा असतो. जुने शिकारी त्याला माशी म्हणत. मागच्या बाजूला, डोळ्याजवळ, एक खाच असते. खाचेच्या मधोमध माशी दिसावी, तिचा माथा खाचेच्या कडांशी समतल असावा, आणि ती लक्ष्यावर टेकावी, हा झाला नेम. ऐकावयास सोपे, परंतु यात डोळ्याला तीन ठिकाणे एकाच वेळी पाहावी लागतात : खाच हातभर अंतरावर, माशी तिच्या जरा पुढे, आणि लक्ष्य दूर. डोळा तर एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट पाहू शकतो. म्हणून आम्ही मुलांना शिकवीत असू, की माशी स्पष्ट दिसू द्या, बाकीचे अंधुक असले तरी चालेल. वीस वर्षांच्या मुलाला हे जमते. चाळिशी लागलेल्या माणसाला माशीच अंधुक दिसते. आणि आपल्याकडे परवाना मिळेपर्यंत बहुतेकांना चाळिशी लागलेली असते!

आता थोडे गणित करू. खाच आणि माशी यांच्यामधील अंतर एखाद्या लहान रिव्हॉल्व्हरवर १२ सेंटिमीटर आहे असे धरा. माशी खाचेत एक मिलिमीटर इकडे-तिकडे झाली, तर चार मीटरांवर गोळी किती सरकेल? साडेतीन सेंटिमीटरही नाही. तीच चूक पंचवीस मीटरांवर वीस सेंटिमीटरांहून अधिक होते. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक मिळविले ते पंचवीस मीटर पिस्तुलाच्या प्रकारात. त्या प्रकाराच्या पहिल्या टप्प्यातील लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ अवघे पाच सेंटिमीटरांचे असते. तेथे केसाएवढ्या चुकीचाही हिशेब द्यावा लागतो. पण घरातली खोली किती लांब असते? दहा फूट, बारा फूट; जुन्या वाड्याचे माजघर असले तर पंधरा. म्हणजे घरात, रात्री, नेमाच्या बारीकसारीक चुकीने बिघडते थोडे. हे पक्के लक्षात ठेवा. पुढे याचा उपयोग होणार आहे.

दुसरी गोष्ट अंधाराची. आपल्या डोळ्याच्या पडद्यावर दोन जातींच्या पेशी असतात. एक जात उजेडातली. ती रंग ओळखते, बारकावे टिपते, चेहरा ओळखते. दुसरी अंधारातली. तिला रंग कळत नाहीत, चेहरा कळत नाही. काहीतरी आहे आणि हालते आहे, एवढेच कळते. ही दुसरी जात पूर्ण जागी व्हावयास वीस ते तीस मिनिटे लागतात, आणि लख्ख उजेड क्षणभर डोळ्यांवर पडला तर सारी मेहनत वाया जाते. शिवाय दृष्टीच्या अगदी मध्यबिंदूत या अंधारातल्या पेशी नसतातच. म्हणून अंधुक तारा सरळ रोखून पाहिला तर नाहीसा होतो आणि जरा बाजूला पाहिले तर दिसतो. रात्री पहारा करणाऱ्यांना ही युक्ती शास्त्र न शिकताच ठाऊक असते. याचा अर्थ असा, की अंधारात ज्याच्यावर नेम धरावा तोच नेमका दिसेनासा होतो.

महाभारताच्या आदिपर्वात एक सुंदर प्रसंग आहे. अर्जुन रात्री जेवावयास बसला असता वाऱ्याने दिवा विझला. तरी त्याचा हात घासासह बरोबर तोंडाशी गेला. त्यावरून त्याच्या मनात आले, की सवयीने हात अंधारातही चुकत नाही, तर बाण तरी का चुकावा? आणि तो रात्री धनुष्याचा सराव करू लागला. आमच्या धंद्यातला हा पहिला धडा आहे. ज्याने रिकामे हत्यार शंभर वेळा हातात तोलले आहे, त्याच्या हाताला अंधारातही नळीचे तोंड कोठे आहे ते कळते. परंतु या गोष्टीत एक खोच आहे, ती पाहा. अर्जुनाचा घास चुकला नाही, कारण तोंड त्याचे स्वतःचे होते. समोरच्या काळोखात उभा असलेला माणूस आपला नसतो; निदान आपल्याला तसे वाटत असते.

आता व्यापारी गृहस्थांच्या प्रश्नाकडे वळू. रात्री नेम दिसावा म्हणून दोन प्रकारच्या सोयी आहेत.

पहिली, चमकणारी माशी. आपण बोलीभाषेत चमकणाऱ्या प्रत्येक वस्तूला रेडियम म्हणतो. ट्रकच्या पाठीमागे जी तांबडी-पिवळी पट्टी चिकटवितात तिलाही रेडियम म्हणतो. तिच्यात रेडियमचा कणही नसतो, ती केवळ पडलेला उजेड परत फेकते. खरे रेडियम एके काळी घड्याळाच्या आकड्यांवर आणि काट्यांवर लावीत. अमेरिकेत हे काम मुली करीत. कुंचल्याला टोक यावे म्हणून त्या तो ओठांत धरीत, आणि त्यातून त्यांच्या हाडांत विष भिनले. कित्येक मेल्या. १९२८ साली न्यू जर्सीतील त्या मुलींच्या दाव्यात तडजोड झाली आणि पुढे कामगारांच्या आरोग्यविषयक कायद्यांना त्यांच्या यातनांचा आधार मिळाला. आज तो रंग कोणी वापरीत नाही.

आजच्या चमकणाऱ्या माशीचे दोन प्रकार आहेत. एक साधा चमकणारा रंग. तो दिव्याखाली किंवा उन्हात धरला म्हणजे उजेड पितो आणि अंधारात हळूहळू परत देतो. स्वस्त असतो, पण कपाटात दिवसभर बंद राहिलेले हत्यार काय उजेड पिणार? मध्यरात्री काढावे तो माशी काळीच! दुसरा प्रकार ट्रिटियमचा. ट्रिटियम म्हणजे हायड्रोजनचाच एक किरणोत्सर्गी भाऊ. त्याचा वायू काचेच्या सुईएवढ्या नळीत भरतात. नळीच्या आतल्या अंगाला चमकणारा लेप असतो. ट्रिटियममधून निघणारे सूक्ष्म कण इतके दुर्बळ असतात, की ते काचेबाहेरही येऊ शकत नाहीत. पण लेपाला उजळविण्यास पुरतात. त्याला विजेची बॅटरी लागत नाही, उजेड पाजावा लागत नाही, बटण दाबावे लागत नाही. सुमारे बारा वर्षांत त्याचे तेज निम्मे होते, चोवीस-पंचवीस वर्षांत पाव. तीन हिरवे ठिपके, एक पुढे आणि दोन मागे, एका ओळीत आणले की झाला नेम. यंत्र म्हणून ही सोय मला आवडते. तिच्यात बिघडण्यासारखे काही नाही.

दुसरी सोय लेझरची. पहिला लेझर १९६० च्या मे महिन्यात अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी प्रकाशित केला. आज तो मुलांच्या खेळण्यात आणि व्याख्यात्याच्या हातातल्या कांडीतही आला आहे. पिस्तुलाच्या नळीखाली किंवा मुठीत लेझर बसवितात. बटण दाबले की समोरच्या वस्तूवर तांबडा किंवा हिरवा ठिपका पडतो. नळी जेथे रोखलेली आहे तेथे. हिरवा ठिपका अधिक उठून दिसतो, कारण माणसाच्या डोळ्याला हिरवा रंग अधिक जाणवतो. लेझरचे दोन गुण मी मोकळेपणाने सांगतो. एक, ज्याला चाळिशी लागली आहे, जो झोपेतून उठला आहे आणि ज्याचा चष्मा कोनाड्यात राहिला आहे, त्याला तीन ठिकाणे पाहावी लागत नाहीत. ठिपका आणि लक्ष्य एकाच अंतरावर असतात. दुसरा गुण शिकवणीचा. नवख्या माणसाच्या हातात रिकामे हत्यार द्या आणि भिंतीवरचा ठिपका त्याला पाहू द्या. तो ठिपका असा काही नाचतो, की माणसाला आपल्या हाताविषयीचा सारा अहंकार सोडावा लागतो. चाप ओढताना ठिपका कसा झटका खातो, ते त्याला डोळ्यांनी दिसते. दहा व्याख्यानांनी जे होत नाही ते या ठिपक्याने दहा मिनिटांत होते.

दोषही सांगतो. लेझर नळीच्या दोन-तीन बोटे खाली असतो. म्हणून ठिपका आणि गोळी यांची गाठ नेमक्या एकाच अंतरावर पडते, त्याच्या अलीकडे-पलीकडे थोडा फरक राहतो. घरात तो फरक क्षुल्लक असतो. मोठा दोष बॅटरीचा. कपाटातल्या वस्तूची बॅटरी कधी संपली ते कोणाला कळत नाही. कडक उन्हात तांबडा ठिपका दिसत नाही. आरशावर, काचेच्या कपाटावर पडला तर भलतीकडे उडतो. कोणाच्या डोळ्यांत गेला तर इजा करतो. आणि सर्वांत वाईट म्हणजे नवखा माणूस ठिपक्याच्या मागे धावतो. ठिपका बरोबर बसेपर्यंत थांबतो आणि बसला रे बसला की चाप ओढतो. हात विचार करीत नाही आणि डोळाही करीत नाही.

तेव्हा केवळ यंत्राचा विचार केला, तर माझे उत्तर असे : हत्यारावर कायमचे ठेवावयाचे तर ट्रिटियमची माशी, शिकताना आणि डोळे अधू असतील तर लेझर. मात्र परवान्यावरील हत्याराला काहीही नवे जोडण्यापूर्वी परवाना देणाऱ्या कार्यालयाला लेखी विचारावे आणि काम परवानाधारक कारागिराकडूनच करवून घ्यावे. झाले दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर.

आणि आता पहिला प्रश्न. तो मी एका रात्री शिकलो. ती हकीकत मी आजवर चारचौघांत सांगितलेली नाही.

माझ्या वडिलांच्या नावाचे एक रिव्हॉल्व्हर होते. त्यांच्यामागे रीतसर परवाना काढून ते माझ्याकडे आले. त्याच्या माशीला आणि खाचेला मी चमकणारा रंग लावला होता आणि त्या कामगिरीचा मला अभिमान होता. संध्याकाळी दिव्याखाली धरून मी त्याला उजेड पाजीत असे. पुष्कळ वर्षांपूर्वीचा मे महिना होता. सोलापूरचा मे आपल्याला सांगावयास नको. निम्मे घर गच्चीवर झोपलेले, निम्मे अंगणात. त्या आठवड्यात पेठेत दोन घरफोड्या झाल्या होत्या. रात्री दीडच्या सुमाराला वीज गेली, पंखा थांबला आणि मला जाग आली. मागच्या अंगणात भिंतीवरून काहीतरी जड उतरल्याचा आवाज झाला. मी हत्यार घेतले, मागच्या दारात गेलो. न्हाणीघराच्या बाजूने एक काळी आकृती वाकून चालत होती. मी हात उचलला. हिरवे ठिपके दिसले; तिन्ही एका ओळीत, इतके सुरेख, की मी कोणाही विद्यार्थ्याला शाबासकी दिली असती. पलीकडे ती आकृती होती. अंतर पाच पावले. नेम चुकणे शक्यच नव्हते.

चापावर बोट गेले होते. तेवढ्यात, का ते मला आजही सांगता येत नाही, माझ्या तोंडून शब्द निघाला, "कोण आहे?" आणि उत्तर आले, "काका, मीच."

माझा पुतण्या. शेवटचा खेळ पाहून आला होता. पुढचे दार वाजविले तर आजी जागी होईल, काका रागावतील, म्हणून बोळातून भिंत चढून आला होता. मी त्याला काही बोललो नाही. आत गेलो, गोळ्या काढल्या आणि सकाळपर्यंत खाटेवर बसून राहिलो. तो मुलगा आज दोन मुलांचा बाप आहे. त्याला त्या रात्री काय होऊ शकले असते ते मी पुढे पुष्कळ वर्षांनी सांगितले. तो हसला, मला मात्र अजून हसू येत नाही.

बंधूंनो, माझा नेम बरोबर होता, आणि नेम बरोबर होता म्हणूनच ती रात्र भयंकर होती. ठिपके मला माझे हत्यार दाखवीत होते. लेझर असता तर त्याने मला हत्यार कोठे रोखले आहे ते दाखविले असते. समोर कोण आहे, हे दोहोंपैकी एकानेही दाखविले नसते. पहिला प्रश्न हाच : कोण? आणि अंधारात हा प्रश्न सुटतो तो दोनच साधनांनी, दिवा आणि आवाज.

आपल्या परंपरेने हे फार पूर्वी सांगून ठेवले आहे. वाल्मीकींच्या अयोध्याकांडात दशरथ मरणाच्या आधी कौसल्येला आपल्या तारुण्यातील पाप सांगतो. पावसाळ्याची रात्र, शरयूचा काठ; पाण्यात घडा बुडाल्याचा आवाज आला, राजाला तो हत्तीचा वाटला, आणि आवाजाच्या रोखाने त्याने बाण सोडला. आंधळ्या आईबापांसाठी पाणी न्यावयास आलेला मुलगा पडला. आपण त्याला श्रावण म्हणतो. वाल्मीकींनी नाव दिलेले नाही. दशरथ शब्दवेधी होता, न पाहता केवळ आवाजावरून वेध घेणारा. अंधारात नेम धरण्याची त्याहून मोठी विद्या कोणती? आणि तीच विद्या त्याचा शाप ठरली. बाण जेथे लागावयास हवा होता तेथेच लागला. चूक धनुष्याची नव्हती. त्याने "कोण आहे?" असे विचारले नाही, एवढेच.

ही कथा जुनी वाटत असेल, तर आपल्या काळातली सांगतो. १४ फेब्रुवारी २०१३ च्या पहाटे दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरिया येथे जगप्रसिद्ध धावपटू ऑस्कर पिस्टोरियस याने स्नानगृहातील बंद दारावर पिस्तुलाच्या चार गोळ्या झाडल्या. दाराआड त्याची मैत्रीण रीव्हा स्टीनकॅम्प होती; ती मरण पावली. घरात चोर शिरला असे वाटले, ही त्याची कैफियत. सरकारी पक्षाचे म्हणणे निराळे होते. पहिल्या न्यायालयाने २०१४ साली त्याला निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्याबद्दल दोषी धरले. डिसेंबर २०१५ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने खुनाचा दोषी ठरविले. त्या न्यायालयाचे म्हणणे मला महत्त्वाचे वाटते. त्याचा आशय असा, की दाराआड कोणीही असो, एवढ्याशा जागेत चार गोळ्या झाडल्या तर आतला माणूस मरेल हे त्याला कळत होते. आणि तरीही त्याने त्या झाडल्या. कोण आहे हे ठाऊक नव्हते, ही सबब पुरी पडली नाही.

आपला कायदा काय म्हणतो? आत्मसंरक्षणाचा हक्क १८६० च्या दंडसंहितेत होता; १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत तो ३४ ते ४४ या कलमांत आहे. ४१ व्या कलमात रात्रीचा खास विचार केलेला आहे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी कोणी घर फोडून आत शिरत असेल, तर मालमत्तेच्या रक्षणासाठी प्रसंगी त्याचा प्राण घेण्यापर्यंत हा हक्क जाऊ शकतो. हे ऐकून परवानाधारक खूश होतात. पण त्यांनी ३७ वे कलमही वाचावे. सरकारी यंत्रणेकडे धाव घेण्यास वेळ असेल तर हा हक्क नाही, आणि बचावाला आवश्यक असेल त्याहून अधिक इजा करता येत नाही. आणि चूक झाली तर? आपला समज चुकीचा होता, पण तो सद्भावाने झाला होता, असे सिद्ध झाल्यास कायदा माफ करतो. परंतु योग्य दक्षता आणि लक्ष यांवाचून केलेली कोणतीही गोष्ट सद्भावाने केली असे कायदा मानीत नाही. आता न्यायाधीश काय विचारतील? तुमच्या माशीला ट्रिटियम होते काय, हे नाही विचारणार. दिवा का लावला नाही, हाक का मारली नाही, हेच विचारतील.

काही जण म्हणतील, दिवा लावला तर चोरालाही मी दिसेन. हाक मारली तर तो सावध होईल. आक्षेप खरा आहे, पण तोलून पाहा. घर तुमचे आहे. बटण कोठे आहे ते तुम्हाला ठाऊक, त्याला नाही. त्याचे डोळे तासभर अंधाराला सरावलेले आहेत. मघाशी सांगितलेल्या त्या अंधारातल्या पेशी जाग्या आहेत. लख्ख उजेड अचानक पडला तर तोच दिपतो. आणि तो सावध होऊन पळाला तर आपले गेले काय? भुरटा चोर पळून जाणे हा पराभव मानणारा माणूस हत्यार बाळगण्यास लायक नाही.

या भागातल्या वडीलधाऱ्यांना १९४७-४८ चे दिवस घरातल्या आठवणींतून ठाऊक असतील. रझाकारांची दहशत, निजामाची हद्द लागून. आणि मग १३ सप्टेंबर १९४८ ला याच सोलापुराहून फौज नळदुर्गाकडे निघाली. त्याआधी हद्दीवरच्या गावांत रात्री पहारे होते. कुऱ्हाडी, लाठ्या, क्वचित एखादी ठासणीची बंदूक. पण पहाऱ्याचे पहिले हत्यार कंदील, आणि दुसरे हाक : "कोण आहे? उभा राहा!" वाटेत आपलाच सोयरा, आपलाच गुराखी, पंढरीहून परतणारा आपलाच वारकरी असू शकतो, हे त्या निरक्षर पहारेकऱ्यालाही कळत होते. आपण शिकलेली माणसे लेझर विकत घेतो आणि कंदील विसरतो.

म्हणून त्या व्यापारी गृहस्थांना मी खरेदीची यादी क्रमाने लिहून दिली. पहिल्यांदा मागच्या दाराला आतून भक्कम आडणा आणि अंगणात दिवा. वीज गेली तरी जळेल असा. मग उशाशी चांगली विजेरी. ही विजेरी हत्याराला जोडलेली नको, सुटी, डाव्या हातात धरावयाची. हत्यारावर बसविलेल्या दिव्याने पाहावयाचे म्हणजे जे जे पाहावयाचे त्यावर पिस्तूल रोखावे लागते. मांजरावर, आईवर, मुलावरही. तिसरा, फोन. ११२ हा क्रमांक घरातल्या सर्वांना पाठ असावा. चौथी, घरातली रीत : रात्री उशिरा येणाऱ्याने दार वाजवून, नाव सांगून यावे, आणि त्याला कोणी रागावू नये. माझ्या घरात ही रीत त्या रात्रीनंतर सुरू झाली. मी आधी रागावत नसतो तर माझा पुतण्या भिंत चढला नसता. पाचवा, सराव. पुष्कळ परवानाधारकांनी जन्मात दहा गोळ्या झाडलेल्या नसतात. हे सारे झाल्यावर सहाव्या ओळीत मी लिहिले : ट्रिटियमची माशी, इच्छा असल्यास. लेझर त्याच्याही खाली.

हत्यार घरात ठेवण्याविषयीही दोन शब्द. २०१६ च्या शस्त्र नियमांनी परवान्यासाठी सुरक्षित हाताळणीचे शिक्षण आणि सुरक्षित ठेवण्याची हमी मागितली आहे. तो कागदी उपचार नव्हे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईत एका नामांकित अभिनेत्याच्या स्वतःच्या परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून पहाटेच्या वेळी गोळी सुटून त्याच्याच पायात शिरली. शत्रू कोणी नव्हता. घरात कुलूपबंद नसलेले हत्यार हे मुलाच्या कुतूहलाला आणि मोठ्या माणसाच्या एखाद्या निराश घटकेला फार जवळ असते. ज्या घरात कोणाचे मन खचलेले आहे, तेथून हत्यार काही दिवस बाहेर, रीतसर सुरक्षित ठिकाणी ठेवणे हेच शहाणपण. हा धोका चोराच्या धोक्यापेक्षा लहान समजू नये.

ते व्यापारी गृहस्थ मध्यंतरी पुन्हा भेटले. मी विचारले, "काय बसवलंत शेवटी?" म्हणाले, "सर, अंगणात दिवा बसवला. रात्री बाहेर यायला बायकोला आता भीती वाटत नाही." पिस्तुलाचे काय, ते मी विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही.

अंधारात नेम धरण्याची सोय आज पैसे टाकून मिळते. दशरथाला जी विद्या तपश्चर्येने मिळाली, ती आता चार-दोन हिरव्या ठिपक्यांत आली आहे. परंतु त्याच्या हातून जे राहून गेले ते कोणत्याही दुकानात मिळत नाही. ते प्रत्येकाला आपल्याच तोंडाने उच्चारावे लागते. दोन शब्द आहेत. त्या रात्री ते माझ्या तोंडून निघाले, ही देवाची कृपा. आपल्या घरात ते कृपेवर सोडू नका, सवयीचे करा.